तारेनं बांधलेला आवाज

रविवारी सकाळी कात्रपला आमच्या गल्लीत कुणी गजर लावत नसे. सातच्या सुमारास मामांनी पद्मिनीला चावी मारली की दुसऱ्या मजल्यापर्यंतची तावदानं थरथरायची. कुत्री उठायची, समोरच्या आजी गॅलरीत येऊन "निघालं का विमान?" असं विचारायच्या आणि मामा मान खाली घालून क्लच दाबायचे. त्यांनी वर्षभरात दोनदा सायलेन्सर बदलला होता. नवा बसवला की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तोच भडभडाट. गाडीत बसलं की स्टिअरिंग हातात बधिर व्हायचं, आरशात मागची गाडी दोन-दोन दिसायची. मामी तर पुढे पुढे बसायलाच तयार नव्हत्या. "डोकं धरतं माझं," म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, आवाजानं धरत असेल.

ते डोकं आवाजानं धरत नव्हतं. ती गोष्ट पुढे येईलच. पण आज हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी, गावच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अशी एक गाडी नक्की उभी असणार. पद्मिनी नाहीतर जुनी मारुती 800. आजोबांची, काकांची, 'विकायची नाही' असं ठरलेली. आणि सध्या तिचे दिवस फिरलेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीतल्या शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माच्या मागेपुढे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर 2023 च्या शेवटी ती रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात अख्ख्या इन्स्टाग्रामला पद्मिनी आठवली. तेव्हापासून कॉलेजातली पोरं जुनी गाडी 'बाहेर काढू या का?' असं घरी विचारायला लागली आहेत.

विचारा, जरूर विचारा. फक्त आधी हे वाचा.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंद या सोलापूरकर उद्योगपतींनी सुरू केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी ती कुर्ल्याला बनवायची. 1964 मध्ये 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून आली, सत्तरच्या दशकात नाव बदलून पद्मिनी झाली. आपल्या पट्ट्याचंही या कंपनीशी नातं आहे. कल्याण-शीळ रस्त्याला डोंबिवलीजवळ प्रीमियरचा दुसरा कारखाना होता, तिथे नव्वदच्या दशकात प्युजो 309 तयार व्हायची. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरमध्ये आजही असे निवृत्त फिटर भेटतात ज्यांना ही गाडी बोनेट न उघडता कळते. आमचं नशीब की मामांना तसा एक भेटला. पण तो भेटेपर्यंत आम्ही घातलेला गोंधळ आधी सांगतो.

पैसे गेले, आवाज राहिला

नवा सायलेन्सर बसवूनही आवाज तेवढाच का वाटतो? यात थोडं अकरावीचं फिजिक्स आहे, घाबरू नका. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची बेरीज साधी नसते. सारख्याच जोराचे दोन आवाज एकत्र आले तर एकूण आकडा फक्त 3 डेसिबलनं वाढतो. उलटंही तेच. दोनपैकी एक आवाज तुम्ही पूर्ण बंद केलात तरी मीटरवर फक्त 3 डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे गाडीत आवाजाची चार ठिकाणं असतील तर एकाच ठिकाणी कितीही खर्च करा, कान म्हणणार, काही फरक नाही. मामांचं नेमकं हेच झालं होतं.

त्यामुळे पहिलं काम पाना उचलायचं नाही, ऐकायचं. सकाळी रिकाम्या, सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगानं जा आणि क्षणभर गाडी न्यूट्रलला टाका (इंजिन बंद करू नका, ब्रेक लागायला त्रास होईल). आवाज एकदम पडला तर तो इंजिन-सायलेन्सरकडचा. तसाच चालू राहिला तर तो चाकांकडचा, म्हणजे टायर, बेअरिंग किंवा मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा क्रॉस. मग गाडी उभी करून हळूहळू रेस द्या. एका ठराविक रेसला सगळी गाडी घुमते आणि त्याच्या खाली-वर शांत होते? मग आवाज करणारा भाग एक आणि तो आवाज मोठा करणारा भाग दुसराच असतो.

हे का होतं ते सांगतो, कारण ते कळलं की अर्धं काम झालं. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर उभं असेल तर सेकंदाला साधारण 27 धक्के. 3000 फेऱ्यांना सेकंदाला 100. आता गाडीतल्या प्रत्येक पत्र्याला, पाइपला, छपराला स्वतःचा एक आवडता ठेका असतो, झोपाळ्यासारखा. इंजिनाचे धक्के नेमके त्या ठेक्यावर पडले की पत्रा झुलायला लागतो. जुन्या गाडीचं छप्पर आणि डिकी म्हणजे तर उघडा ढोलच.

मारुती 800 वाल्यांसाठी: तुमची भानगड वेगळी आहे. तिला तीन सिलिंडर, म्हणून उभ्या गाडीत सेकंदाला 20च धक्के, आणि शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन पुढून-मागून पाळण्यासारखं डुलतं. थोडी थरथर तिच्या जन्मातच आहे. ती पूर्ण जाणार नाही, कुणी 'घालवून देतो' म्हणालं तर खिसा सांभाळा. दोन सिलिंडरच्या नॅनोत टाटांनी याच कारणासाठी इंजिनात तोल साधणारा वेगळा फिरता शाफ्ट बसवला होता.

उल्हासनगरचे मिस्त्री

आम्ही गाडी नेली उल्हासनगरला. तिथले हे मिस्त्री सत्तरीचे. तरुणपणी कुर्ल्याला पद्मिनीच्याच कामावर होते. मामा म्हणाले, "मिस्त्री, या वेळी चांगल्यातला सायलेन्सर टाका." मिस्त्री सायलेन्सरकडे वळलेच नाहीत. म्हणाले, "साहेब, गाडी राहू द्या. उद्या सकाळी थंडगार असताना बघतो."

दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू झाल्याबरोबर बोनेटखालून बारीक 'टिक टिक टिक' ऐकू आली. दहा मिनिटांत, इंजिन तापलं तशी, ती विरत गेली. मिस्त्री हसले. ही टिकटिक लक्षात ठेवा. इंजिनातून जळका वायू जिथे बाहेर पडतो तो ओतीव भाग म्हणजे मॅनिफोल्ड. तो आणि इंजिन यांच्यामध्ये एक पॅकिंग असतं. ते फुटलं की थंडीत फटीतून वायू टिकटिकत निघतो, धातू तापून फुगला की फट बुजते. टॅपेटची टिकटिक बरोबर याच्यासारखी वाटते म्हणून बरेच जण टॅपेट सेट करून घरी जातात. टॉर्च मारल्यावर त्या फटीभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला. पंखा तीच हवा मागे ढकलत होता, आणि डॅशबोर्डखाली ज्या भोकातून वायर आत येतात तिथलं रबर कधीच गळून पडलं होतं.

मिस्त्रींनी वळून मामींना विचारलं, "बाई, डोकं दुखतं का गाडीत? काचा बंद असल्या की जास्त?"

मामी बघतच राहिल्या.

पेट्रोल जळून बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून जास्त पटीनं घट्ट धरून ठेवतं, म्हणजे शरीर हळूहळू आतून गुदमरतं. सुरुवात होते डोकेदुखीनं, मग मळमळ, मग झोप. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हा वायू किती निघतो याचा अंदाज हवा असेल तर पीयूसीचा कागद बघा. सन 2000 पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला तिथे 3 टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-4 गाडीला 0.3. दहापट! जुन्या गाडीत हा वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, जे निघतं ते सगळं थेट.

तेव्हा एक गोष्ट पक्की करा. आवाज करणारी जुनी गाडी ही आधी गळणारी गाडी समजायची. ज्या फटीतून आवाज बाहेर पडतो तिथूनच वायूही बाहेर पडतो. मामांनी त्या वर्षी आवाज कमी करायला जमिनीवर जाड गालिचा टाकला होता, खिडक्यांची रबरं बदलली होती. आवाज दाबला जात होता आणि मामी आत जास्तच बंदिस्त होत होत्या. मला अजूनही ते आठवलं की कसंतरी होतं.

दुसरी वाट मागची. गाडी धावताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर डिकीकडे ओढला जातो. डिकीचं रबर कडक झालं असेल किंवा तळाला गंजून भोक पडलं असेल तर तो मागच्या सीटवर पोहोचतो. मागच्या सीटवर कोण बसतं? लहान मुलं आणि आजी. आणि हो, बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये 'बॅटरी उतरू नये म्हणून' गाडी चालू ठेवून बसायचं नाही. अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही.

लोखंडाला लोखंड लागलं की

पॅकिंग बदललं, टिकटिक गेली, मामींचं डोकंही दोन-तीन फेऱ्यांत थांबलं. थरथर मात्र तशीच. मग मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली आणि मामांना खाली बोलावलं. सायलेन्सर दोन ठिकाणी लोखंडी तारेनं बांधला होता.

तुमची गाडी घरी असेल तर आज संध्याकाळी वाकून बघा. दहापैकी सात गाड्यांना तार सापडेल, माझी पैज. होतं काय की पाइप आणि सायलेन्सर गाडीच्या तळाला रबराच्या कड्यांवर लटकलेले असतात. आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच. सायलेन्सर घासतो, रबर तुटतं, रस्त्यातला गॅरेजवाला म्हणतो 'सध्या तार मारतो'. ते 'सध्या' आठ वर्षं चालतं. रबर धक्का स्वतःत जिरवतं, तार तो जशाच्या तसा तळाच्या पत्र्याला देते. म्हणजे तुम्ही इंजिनाची थरथर उचलून थेट ढोलावर आणून बांधली. नवा सायलेन्सर दोनदा आला, पण दोन्ही वेळा जुन्या तारेवरच टांगला गेला. रबराच्या दोन कड्यांना मिळून मामांचे दोनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. सायलेन्सरवर आधी किती गेले ते मामा अजून सांगत नाहीत.

हाच न्याय इंजिनाला. ते चासीवर रबराच्या ठोकळ्यांवर बसलेलं असतं. गॅरेजच्या भाषेत 'फाउंडेशन'. रबर तेल पिऊन मऊ होतं किंवा वर्षानुवर्षं तापून दगड होतं, दोन्ही वाईट. तपासायला सोपं: बोनेट उघडा, हँडब्रेक ओढलेला, आत बसलेल्यानं गाडी न हलवता एकदा रेस द्यायची. इंजिन जरासं कलून परत आलं तर ठीक. उडी मारल्यासारखं उचललं गेलं तर फाउंडेशन गेलं. बदलताना एकच बदलू नका, सगळी एकदम बदला, नाहीतर नवं रबर सगळा भार घेतं आणि सहा महिन्यांत तेही जातं.

त्याही आधी इंजिन चारही सिलिंडरवर चालतंय ना, हे बघायला हवं. एखादा प्लग मिसिंग मारत असेल तर चार धक्क्यांतला एक गायब होतो आणि गाडी लंगडायला लागते. प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट, कार्ब्युरेटर अशी सर्व्हिसिंग आधी, रबर नंतर. काही गॅरेजवाले स्लो वाढवून देतात. थरथर कमी वाटते खरी, पण पेट्रोल जास्त जातं आणि दोष तिथेच राहतो.

बदलापूरची लोकल आणि सायलेन्सर

सायलेन्सरच्या आत काय असतं? संध्याकाळी बदलापूरला लोकल रिकामी होते तेव्हा बघा. दारादारांतून गर्दी एकदम धाडकन फलाटावर पडते. मग फलाटावर पसरते, जिन्यापाशी अडते, काही जण उलटे फिरतात, आणि पुलावरून पलीकडे उतरते तेव्हा त्या धक्क्याची सलग रांग झालेली असते. सायलेन्सर हेच करतो. अरुंद पाइपातून आलेला वायूचा धक्का मोठ्या कप्प्यात पसरतो, आडव्या पडद्यांवर आपटून मागे फिरतो, येणाऱ्या धक्क्याशी टकरून कमी होतो. कप्पे, पडदे, भोकांच्या नळ्या, काहींत काचेच्या लोकरीसारखा भराव. आतले पडदे गंजून सुटले की फलाटच गेला, गर्दी थेट रस्त्यावर. सायलेन्सर थंड असताना हातानं ठोकून बघा, आत खुळखुळ वाजलं तर तो आतून मेला आहे, बाहेरून कितीही चकचकीत असो.

आतून का गंजतो याचं उत्तर मला फार आवडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन जातं. पण मामांची पद्मिनी रविवारी कात्रपहून स्टेशन आणि भाजी घेऊन परत, एवढीच चालायची. सायलेन्सर तापायच्या आत गाडी पार्किंगला. सगळं पाणी आतच. पाच मिनिटं चालू करून बंद करण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा वांगणी किंवा कर्जतपर्यंत अर्धा-पाऊण तास फिरवून आणलेली बरी.

सगळ्यात शेवटी पत्रा. आता बाजारात अॅल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या चिकट रबरी शीट मिळतात. पत्र्यावर टिचकी मारा: 'टण्ण' वाजला तर तिथे लावायची, 'थप्प' वाजला तर नको. पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते, मधला भाग झाकला तरी त्याचं झुलणं बऱ्यापैकी थांबतं. मात्र गंजावर शीट चिकटवू नका. आपल्याकडे चार महिने पाऊस, खाली ओल अडकली की पुढच्या वर्षी शीट राहील आणि पत्रा जाईल. सायलेन्सरच्या पाइपाजवळ तर मुळीच नको. आणि स्वतः गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर विसंबून नाही, खाली स्टँड हवेतच.

कायद्याचं दोन ओळीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर 10 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन तीन महिने जातं. त्यामुळे 'क्लासिक लूक'च्या नावाखाली मोकळा पाइप बसवून मिळतो तो बसवू नका. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, तुमची फटाके मारणारी बुलेट त्यात कुठे बसते ते तुम्हीच ठरवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आपल्याकडच्या एमएच-05 गाड्यांना कल्याणच्या आरटीओत. गाडी पन्नास वर्षांची झाली तर 'व्हिंटेज'ची वेगळी नोंद होते, पण मग ती रोजच्या कामाला काढता येत नाही. पहिल्या काही पद्मिनी नुकत्याच त्या वयात पोहोचल्यात. मामांची नव्वदच्या दशकातली आहे, तिला वेळ आहे.

हे सगळं व्हायला आम्हाला तीन रविवार लागले. पॅकिंग, रबराची कडी, फाउंडेशन, डॅशबोर्डखालच्या भोकाचं रबर, छपराला आतून शीटचे चार तुकडे. सायलेन्सर जुनाच ठेवला, तो चांगला होता. चौथ्या रविवारी मामी पुढच्या सीटवर बसून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत आल्या, काचा वर करून. समोरच्या आजींनी दुपारी विचारलं, "आज गाडी काढलीच नाही का रे?"

आता एक नवीनच झालंय. मोठा आवाज गेल्यावर डॅशबोर्डच्या मागून एक बारीक 'किर्र' ऐकू यायला लागली आहे, चाळीसच्या वेगाला, फक्त डावीकडे वळताना. मामांना ती ऐकू येत नाही म्हणे. मला येते. या रविवारी टॉर्च घेऊन बसणार आहे.